दहातल्या तिघांचा डोंगर

अलास्कात गाइडची नोकरी धरली की पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट घोटून घेतात: वचन द्यायचं नाही. अस्वल 'दिसेल' म्हणायचं नाही, 'दिसू शकतं' म्हणायचं. देवमासे या खाडीत असतात एवढंच सांगायचं, आज भेटतील असं चुकूनही बोलायचं नाही. डेनालीच्या बाबतीत तर तोंड फारच जपून उघडायचं. 6,190 मीटर उंचीचा, उत्तर अमेरिकेतला सर्वांत उंच डोंगर. त्याच्यासाठी माणसं अर्धी पृथ्वी ओलांडून येतात आणि उन्हाळ्यात तिथे पोचणाऱ्या दहांपैकी जेमतेम तिघांना तो दिसतो. बाकीच्या सात जणांच्या वाट्याला ढग. ज्यांना डोंगर दिसला त्यांना गाइड लागत नाही, ते आपापले फोटो काढण्यात गुंग असतात. मला पगार मिळत होता तो त्या सात जणांसाठी, हे जून सरता सरता माझ्या लक्षात आलं.

मी मूळची चंद्रपूरची. अमेरिकेत येऊन पुष्कळ वर्षं झाली. मुलगी कॉलेजच्या वसतिगृहात गेली, ऑफिसने माणसं कमी केली त्यात मीही कमी झाले, आणि सिअ‍ॅटलच्या घरात बसून नोकऱ्या शोधताना ही हंगामी जाहिरात समोर आली. नवरा म्हणाला, जा. आईने फोनवर विचारलं, "म्हणजे ड्रायव्हर?" होय, ड्रायव्हरच. बारा माणसांची गाडी हाकायची, सामान चढवायचं-उतरवायचं, दुपारची सँडविचं बांधायची, आणि हे सगळं करताना बोलत राहायचं. अँकरेजहून उत्तरेला डेनालीपर्यंत 380 किलोमीटर, परत, मग दक्षिणेला स्यूअर्ड बंदरापर्यंत 200 किलोमीटर, असा आमचा पट्टा. मेमध्ये सुरू, सप्टेंबरात कुलूप.

चंद्रपूरच्या माणसाला गाइड म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागत नाही. माहेरी गेलं की कुणी ना कुणी पाहुणा ताडोबाला न्या म्हणतोच. समोरून येणाऱ्या जिप्सीला आपल्या जिप्सीतून पहिला प्रश्न जातो, "साइटिंग झालं का?", आणि वाघ न दिसता मोहर्लीच्या गेटातून बाहेर पडणाऱ्या जिप्सीत कशी मुकी नाराजी बसलेली असते, ती मला पाठ आहे. पण ताडोबाचा गाइड बहुधा गेटजवळच्याच एखाद्या गावचा असतो. वानर खोकलं, चितळ ओरडलं की तो हात वर करून गाडी थांबवतो आणि वाघ कुठून कुठे चाललाय ते कानांनी सांगतो. त्याची आजी त्याच जंगलात मोहफुलं वेचत असते. माझ्याकडे कंपनीने दिलेली फाइल होती. माझ्याबरोबरचे गाइड ओहायोचे, टेक्सासचे, एक मुलगा पोलंडचा. पाहुणे विचारत, इथे किती वर्षं? आमच्यातला जुना म्हणे, हा माझा पाचवा उन्हाळा, आणि तेवढ्याने तो त्यांना इथलाच वाटे. ज्या अहटना, डेनाइना लोकांची ही हजारो वर्षांची भूमी, त्यांच्याबद्दल फाइलीत दीड पान होतं. गाडीच्या विम्याबद्दल त्याहून जास्त.

फाइलीत नसलेलं पहिलं काही मला पोर्टेजने शिकवलं.

अँकरेजहून दक्षिणेला निघालं की रस्ता खाडीच्या काठाने जातो. एका बाजूला कडा, त्यावर पांढऱ्या डॉल मेंढ्या, दुसऱ्या बाजूला राखाडी चिखल आणि भरती-ओहोटीचं पाणी. तासाभराने रस्त्यालगत वाळलेल्या झाडांचं एक रान लागतं. पानं नाहीत, साली नाहीत, नुसते करडे खांब. 27 मार्च 1964 रोजी, गुड फ्रायडेच्या संध्याकाळी, इथे 9.2 क्षमतेचा भूकंप झाला. साडेचार मिनिटांच्या आसपास जमीन हलत राहिली आणि हा सगळा पट्टा दोनेक मीटर खाली बसला. समुद्राचं पाणी मुळांत शिरलं, झाडं मेली, पण खारावल्यामुळे कुजली नाहीत. तेव्हापासून उभीच आहेत. शेजारी पोर्टेज नावाचं गाव होतं, ते लोकांना सोडून द्यावं लागलं.

तिथून आत वळलं की तळ्याकाठी एक देखणी इमारत आहे. 1986 मध्ये सरकारने ती मुद्दाम हिमनदी बघण्यासाठी बांधली. तळ्याच्या बाजूला मोठ्ठ्या काचा, बसायला जागा, सगळी सोय. आणि काचेतून हिमनदी दिसत नाही. इमारत उभी राहिल्यावर काही वर्षांतच ती मागे सरकत डोंगराच्या वळणाआड गेली. आता ती बघायची तर बोटीचं तिकीट काढून तळ्यापलीकडे जावं लागतं. इमारतीला नाव आहे निक बेगिच आणि हेल बॉग्ज या दोन लोकप्रतिनिधींचं. ऑक्टोबर 1972 मध्ये अँकरेजहून जूनोला जाताना त्यांचं छोटं विमान नाहीसं झालं. एकोणचाळीस दिवस शोध चालला. ना विमान सापडलं, ना माणसं. म्हणजे कधीच न सापडलेल्या माणसांच्या नावाची, न दिसणाऱ्या हिमनदीसाठी बांधलेली, बुडालेल्या गावाशेजारची ही इमारत. पहिल्या खेपेला मी पाहुण्यांपुढे फाइलीतली माहिती म्हणायला तोंड उघडलं आणि समोर नुसतं पाणी. सगळे काचेतून बघतायत, मग माझ्याकडे बघतायत. एका बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं, आपण चुकीच्या खिडकीशी तर नाही ना?

बोलायला लागले ते तिथे. भूकंप सांगितला, विमान सांगितलं, शंभरेक वर्षांत ही हिमनदी पाचेक किलोमीटर मागे कशी गेली ते सांगितलं. लोक ऐकत होते. समोर काही दिसत असतं तेव्हा गाइडचं इतकं कुणी ऐकत नाही.

डेनालीला हे कौशल्य रोजच लागायचं. राष्ट्रीय उद्यानात जाणारा रस्ता एकच, 148 किलोमीटरचा, आणि उन्हाळ्यात खासगी गाडीला पहिल्या 24 किलोमीटरपर्यंतच मुभा. पुढे उद्यानाची बस. तीही आता अर्ध्याच्या आधीच थांबते, कारण पुढच्या कड्यावर रस्त्याखालची गोठलेली जमीन वितळून घसरायला लागली. ती आधी वर्षाला काही इंच सरकायची, मग महिन्याला, मग आठवड्याला, मग दिवसाला. 2021 मध्ये तर तासाला अर्ध्या इंचाहून जास्त. शेवटी त्या ऑगस्टमध्ये रस्ताच बंद केला आणि तिथे पूल बांधायला घेतला.

बसमध्ये ड्रायव्हरच माहिती देतो, म्हणून मी मागच्या बाकावर प्रवासी होऊन बसे. बोलण्याला सुट्टी. कुणाला काही दिसलं की ओरडायचं "स्टॉप!", आणि दिशा घड्याळाच्या भाषेत सांगायची: नाकासमोर बारा, उजवा हात तीन. "दोन वाजता, दगडाच्या वर, तपकिरी!" चाळीस माणसं उजवीकडे कलतात. निम्म्या वेळा तो दगडच असतो. कधी मात्र तो दगड उठून चालायला लागतो. ग्रिझली अस्वल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे सामन मासा पकडणारा अक्राळविक्राळ जीव येतो. तो समुद्रकाठचा. डेनालीतलं अस्वल मुळं उकरतं, गवत चरतं, ऑगस्टमध्ये बेरी खात बसतं; आहार बेताचा म्हणून अंगानेही किनाऱ्यावरच्या भावंडांहून लहान. एका अमेरिकन आजोबांनी दुर्बीण खाली ठेवत तक्रार केली, "हे तर गायीसारखं चरतंय." मला ते अस्वल त्याच कारणासाठी आवडायचं. बस थांबली काय, गेली काय, त्याने मान वर केली नाही.

आणि डोंगर? पायथ्यापासून माथ्यापर्यंत साडेपाच हजार मीटर एका दमात उभा असलेला हा पहाड समुद्राकडून येणारी ओली हवा अडवतो आणि आपले ढग आपणच बनवून अंगावर ओढून घेतो. जिथे तो असायला हवा तिथे पांढरट भिंत. लोक अंदाजाने कुठल्या तरी बर्फाळ शिखराचा फोटो काढतात आणि मला दाखवतात, हाच ना? नाही म्हणायला जिवावर येतं. त्यात नावाचा गोंधळ: सरकारने 2015 मध्ये मॅकिन्ली बदलून डेनाली केलं, 2025 मध्ये पुन्हा मॅकिन्ली, उद्यान मात्र डेनालीच. बसमध्ये यावरून दोन प्रवाशांची जुंपली की दोघांनाही न दिसणाऱ्या डोंगराचं भांडण ऐकायला गंमत येई. क्वचित ढग फाटत. तेव्हाही माणसांना तो लगेच सापडत नसे, कारण सगळे बघत असत क्षितिजाकडे. त्यांना सांगावं लागे, आणखी वर. आणखी. तुम्हाला जिथे नुसतं आभाळ वाटतंय, तिथे.

सात जणांसाठी मी हळूहळू माझी वेगळी फाइल जमवली. त्यात न दिसणारेच फार. लांडगा, जो बहुतेकांना दिसत नाही. पण अ‍ॅडॉल्फ म्युरी नावाच्या माणसाने 1939 पासून इथे त्याच्या मागावर काही वर्षं काढली, डॉल मेंढ्यांच्या शेकडो कवट्या गोळा केल्या, दात आणि शिंगं बघून त्यांची वयं ठरवली. लांडगे मारतात ते मुख्यतः म्हातारी, दुबळी आणि कोवळी जनावरं, हे त्याने 1944 च्या पुस्तकात मांडलं, तेही लांडगे दिसतील तिथे मारावेत असं मानणाऱ्यांच्या काळात. दुसरा माझा हुकमी एक्का म्हणजे रानबेडूक. अंगठ्याएवढा, पाचोळ्याखाली राहणारा. हिवाळ्यात तो तिथेच गोठतो. हृदय थांबतं, श्वास थांबतो, अंगातलं बरंचसं पाणी बर्फ होतं. यकृताने सोडलेली साखर पेशींना आतून सांभाळते. अलास्कातले हे बेडूक उणे 18 अंशांपर्यंत तगलेले आहेत. वसंतात तो वितळतो आणि आधी हृदय सुरू होतं. बेडकाची गोष्ट कधी वाया गेली नाही. ती ऐकल्यावर लहान मुलं बसच्या खिडकीतून डोंगराऐवजी पाचोळा बघायची. (हमखास दिसणारी जनावरंही होती म्हणा: उद्यानाचे स्लेज ओढणारे कुत्रे. 1922 पासून त्यांचं श्वानघर आहे, हिवाळ्यात रेंजर त्यांच्याच गाड्यांवरून गस्त घालतात. ढगाळ दिवशी ते सगळ्यांचा पाठीवरून हात फिरवून घेतात आणि कंपनीची अब्रू राखतात.)

तर असं हे गोष्टी सांगण्याचं काम मला जमायला लागलं होतं, आणि जमायला लागलं तशी त्याची थोडी लाजही वाटायला लागली. डोंगर दिसला नाही तरी माणसं खूश होऊन उतरत. अभिप्रायाच्या कागदावर पाचपैकी पाच तारे. पण ढगामागे डोंगर आहे. आज नाही तर उद्या, मला नाही तर पुढच्या बसला. पोर्टेजच्या काचेमागे काही नाही. दोन्हींबद्दल मी त्याच आवाजात, त्याच ठिकाणी थांबून, हशा कुठे येणार हे ठाऊक असल्यासारखी बोलत होते. झाकलेल्याची गोष्ट सांगताना थट्टा चालते. गेलेल्याची सांगताना ती थट्टा घशात अडकायला हवी होती, आणि ती अडकत नव्हती.

जुलैच्या शेवटी एक मराठी कुटुंब आलं. बे एरियातली मुलगी-जावई, नातवंडं, आणि सांगलीहून आलेले काका-काकू. काका एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. मी मराठी बोलते म्हटल्यावर काकूंनी पहिल्या तासातच माझं माहेर, सासर, पगार आणि जेवणाचे हाल यांची चौकशी पूर्ण केली. काका माझ्या शेजारच्या सीटवर, फारसं न बोलता. डेनाली अर्थातच दिसला नव्हता. बेडकाच्या गोष्टीवर काका एवढंच म्हणाले, "बॅटरी काढून ठेवल्यासारखं झालं."

त्यांना घेऊन मी स्यूअर्डजवळच्या एक्झिट हिमनदीला गेले. ही हार्डिंग हिमक्षेत्रातून खाली उतरलेली एक जीभ. अठराशे चौरस किलोमीटरच्या त्या हिमक्षेत्रातून चाळीसच्या आसपास हिमनद्या निघतात, त्यांपैकी जिथवर पक्का रस्ता जातो अशी ही एकटीच. रस्त्याच्या कडेला गाडीतूनच आकड्यांच्या पाट्या दिसायला लागतात. नुसतं साल लिहिलेलं. त्या साली बर्फाची कड इथे होती. नवख्यांना वाटतं मैलाचे दगड आहेत. पाटी 1926 गेली तरी बर्फ कुठेच नाही. गाडी लावायची, चालायला लागायचं.

इथे चालताना पाट्यांपेक्षा झाडं जास्त सांगतात. सुरुवातीला उंच स्प्रूस आणि कॉटनवूड, दाट सावली. पुढे झाडं बुटकी होतात, मग आल्डरची झुडपं, मग नुसती फायरवीडची गुलाबी फुलं आणि दगडावर शेवाळ, आणि शेवटी उघडा, नुकता सुटलेला खडक. जमीन बर्फाखालून जितकी अलीकडे मोकळी झाली तितकं तिच्यावरचं रान कोवळं. हिमनदीच्या दिशेने जायचं म्हणजे जंगलाच्या लहानपणाकडे जायचं. पाट्यांपाशी माणसं एक गोष्ट न शिकवता करतात: आपलं जन्मसाल शोधतात. 1951 च्या पाटीशी काकू थांबल्या. "हे माझं साल." पदर सारखा केला, म्हणजे स्वेटरवरून ओढणी सारखी केली, आणि फोटो काढून घेतला. फोटोत त्यांच्या मागे बर्फ येईना. जावई मागे सरकला, बाजूला झाला, खाली बसला. झाडंच येत होती. काकू म्हणाल्या, "असू दे. सासरी आले तेव्हाचंही घर आता तिथे कुठे आहे?"

नातू 2015 चा. त्याला 2005 ची पाटी मिळाली, 2010 ची मिळाली, आपली मिळेना. 2010 ची पाटी जिथे आहे तिथून बर्फ आता समोरच्या खडकावर बराच वर, दूर निळसर दिसतो. पूर्वी माणसं इथे हिमनदीला हात लावत. नातवाने मला विचारलं, "माझी पाटी कुठे?" मी हात करून दाखवलं तिथे नुसती दरी होती आणि तिच्यातून राखाडी पाणी वाहत होतं. मग मी थोडा वेळ गप्प बसले. फाइलीत यासाठी काही नव्हतं, माझ्या फाइलीतही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बोट. आयालिक हिमनदी थेट समुद्रात उतरते, तिच्यासमोर कप्तान इंजिन बंद करतो. पाठीवर झोपून शिंपले फोडणारे समुद्री ऑटर झाले होते, पफिन झाले होते, एका हंपबॅक देवमाशाने शेपटीही दाखवली होती. सगळे तृप्त होते. तिथे मात्र कानच लागतात. पाण्यात तरंगणारे बर्फाचे तुकडे बारीक तडतडतात, कारण दाबून बसलेली जुनी हवा बुडबुड्यांतून सुटत असते. आणि मधूनच भिंतीतून तोफ उडाल्यासारखा आवाज येतो. आवाज आला म्हणून मान वळवली तर उशीर झालेला असतो, बर्फ पाण्यात गेलेला असतो, उरलेली असते ती लाट. फोनवाल्यांची फार चिडचिड होते. काका कठड्याला टेकून डोळे मिटून उभे होते. मुलगी म्हणाली, बाबा, झोपलात काय? "आतून तुटतंय ते आधी ऐकू येतं," ते म्हणाले. "पडतंय ते नंतर." आणि खरंच, त्यांनी बोट केलं तिकडे दोनदा पुढचा कडा कोसळला.

परतीच्या वाटेवर गाडीत सगळे झोपले. काका जागे. खाडीकाठच्या त्या वाळलेल्या झाडांपाशी त्यांनी विचारलं, "ताई, अ‍ॅव्हरेज किती देते ही?"

"लिटरला साडेसहा."

"आणि फेरी?"

मी डेनाली आणि स्यूअर्ड मिळून अकराशे सत्तर सांगितले. ते समोर बघत मनाशी पुटपुटले. "एकशे ऐंशी लिटर. दर फेरीला. तुम्ही हंगामात अशा किती..." मग माझ्याकडे बघून थांबले. मी गिअरकडे हात नेला, जो स्वयंचलित गाडीत न्यावा लागत नाही. बर्फ का वितळतो हे मी काल सगळ्यांना व्यवस्थित, आकड्यांसह सांगितलं होतं. त्यात ही गाडी नव्हती.

"आमचं मुंबईपासूनचं विमान धरा," काका म्हणाले, "त्यापुढे तुमची गाडी म्हणजे चिल्लर." हे त्यांनी माझी समजूत घालायला म्हटलं की हिशेब पुरा करायला, मला सांगता येणार नाही. मग ते बराच वेळ बोलले नाहीत. पोर्टेजचा फाटा मागे गेला, चिखलावर ओहोटी लागली होती, रात्रीचे नऊ वाजले तरी कड्यावर ऊन होतं.

अँकरेजला हॉटेलपाशी काकूंनी एकावन्न डॉलर पाकिटात घालून दिले, वरचा एक डॉलर वेगळा चिकटवून. काका मात्र गाडीच्या मागे जाऊन वाकले होते. उठून हात झटकत म्हणाले, "मागच्या उजव्या चाकाचा बेअरिंग गेलाय. परवापासून ऐकतोय. सत्तरच्या वर गेली की कण्हतो. पुढच्या फेरीला ही काढू नका."

मला कधी काही ऐकू आलं नव्हतं. गाडीत मी सतत बोलत असे. सकाळी गॅरेजला नेली तर मेकॅनिकने चाक उचलून हाताने फिरवलं आणि मला विचारलं, हे तुला कसं कळलं? मी म्हटलं, मला नाही कळलं, सांगलीच्या एका प्रवाशाला कळलं. त्याने सांगली कुठे ते विचारलं नाही. सुटा भाग मागवायला तीन दिवस लागतील म्हणाला, आणि मी दुसरी गाडी मिळते का बघायला ऑफिसात गेले.